शनिवारचा कागद आणि सोमवारची लिंबं

कुठल्या पोराच्या घरी वाचन होतं आणि कुठल्या घरी नुसती सही होते, हे मला गुरुजींच्या आधी कळायचं. ते परीक्षा घ्यायचे. मी कढीपत्ता मागायचे.

आमचं गाव थळ आणि रेवसच्या मध्ये, समुद्राला लागून आहे. तिथल्या मराठी शाळेत मी सतरा वर्षं पोरांचं दुपारचं जेवण शिजवलं. सरकारी कागदावर माझं पद 'स्वयंपाकी तथा मदतनीस' होतं. पोरं काकी म्हणायची, गुरुजी मावशी म्हणायचे, आणि गावातले रिकामटेकडे खिचडीवाली म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी काम सोडलं, म्हणून मीही सोडलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि घरात माझ्या मागे तीन भावंडं होती. त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही रडले नाही.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. तांदूळ सरकारचा, डाळ सरकारची, शिजवायचं काय ते. पण रोज सकाळी आधी हजेरी लागते, मग किती पोरं आली तो आकडा स्वयंपाकघरात येतो आणि त्यावर तांदूळ मोजायचा. आकडा यायच्या आत तांदूळ निवडून झाला पाहिजे. खडा लागला तर पोर काही बोलत नाही, हळूच थुंकतं आणि दुसऱ्या दिवशी ताट घेऊन येत नाही. वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने चव घ्यायची आणि चवीच्या वहीत सही करायची असा नियम आहे. एकदा शाळेच्या कमिटीतले एक दादा आले आणि मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाले, "आन काकी वही, सही मारतो." मी वही दिली नाही. घास आधी तोंडात, मग पेन हातात. ते आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. न चाखता केलेली सही मी सतरा वर्षांत एकदाही चालवून घेतली नाही, याचा मला गर्व होता. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे.

आमच्याकडे साताऱ्याकडचे एक तरुण गुरुजी बदलून आले. माणूस कामसू. आल्याआल्या त्यांनी 'शाळेची बातमी' सुरू केली. एक कागद, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, झेरॉक्स काढून दर शनिवारी प्रत्येक पोराच्या हातात. कोणी पाढे पाठ केले, नर्सबाई लस द्यायला कधी येणार, कोणाच्या शेळीला तीन पिल्लं झाली, सगळं त्यात. मोबाईलवर का टाकत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मावशी, ग्रुपवर टाकलं की पालक नुसता अंगठा पाठवतात."

"आमच्या आज्या पन अंगठाच द्यायच्या," मी म्हटलं.

कागदाचा नियम असा, की पोराने तो घरी मोठ्याने वाचून दाखवायचा. शिवाय रोज संध्याकाळी सात ते साडेसात वाचनाची वेळ. आईबाप शेजारी बसणार, पोर धडा वाचणार, आणि ऐकणारा 'वाचन वही'त सही करणार. सात वाजले की गुरुजी स्वतः शाळेची घंटा द्यायचे. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ते घरोघरी बघायला फिरले, तर निम्म्या घरांना कडी. शनिवारच्या कागदात त्यांनी लिहिलं, पालक उदासीन आहेत.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. "गुरुजी, पालक उदासीन न्हाईत. पालक खडपावर हायेत."

त्यांना खडप माहीत नव्हतं. किनाऱ्याला जो खडकांचा पट्टा आहे तो आमचा खडप. पुनवेच्या आणि आवसेच्या आगेमागे चार दिवस संध्याकाळी मोठी ओहोटी लागते, खडप उघडा पडतो आणि गावातल्या बायका खडकाला चिकटलेली कालवं काढायला जातात. भरती मागे लागेपर्यंत कोणी घरी येत नाही. समुद्र घंटेवर चालत नाही, तिथीवर चालतो. गुरुजींनी ते मुकाट्याने ऐकलं, कालनिर्णय काढायला लावला आणि पुढच्या शनिवारपासून कागदावर तिथीप्रमाणे वाचनाची वेळ येऊ लागली. अष्टमीला सात, पुनवेला साडेआठ. चूक कळल्यावर ती पुसणारा मास्तर मी तो एकच पाहिला.

कढीपत्त्याची युक्ती माझी. मी म्हटलं, गुरुजी, सह्या काय कोणी करेल, कागदात माझ्यासाठी एक ओळ घाला. 'सोमवारी प्रत्येकाने घरच्या झाडाचा कढीपत्ता आणावा.' ज्या घरी कागद वाचला, तिथून पाला येईल. पहिल्या सोमवारी चाळीस पोरांमागे सात काड्या आल्या. वाचन वह्यांत मात्र छत्तीस सह्या. गुरुजींचं तोंड उतरलं. मला हसू आलं, खोटं का बोलू. मग दर शनिवारी आम्ही काहीतरी मागू लागलो. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी अळूची पानं, कधी भोपळ्याची फोड. परसात असेल तेच मागायचं, विकत आणायला लावायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. हळूहळू टोपली भरायला लागली. आया पोरांना विचारायला लागल्या, "या शनवारी काकीनं काय मागितलंय रं?" आणि पोराला कागद काढावा लागायचा.

याच काळात किनाऱ्यावरच्या एका बंगल्यातल्या बाईंनी शाळेला पुस्तकांचं कपाट दिलं. बाई मनाने चांगल्या. पुस्तकं इंग्रजी, जाड, गुळगुळीत पानांची, आणि त्यात बर्फ, अस्वलं आणि लाल टोप्या. पोरांना चित्रं आवडली. पण मळतील म्हणून कपाटाला कुलूप, आणि बाई येणार असल्या की चावी बाहेर. त्या गेल्या की पोरं परत माझ्या तेलाच्या डब्यावरची अक्षरं लावत बसायची. बाईंनी एकदा मला विचारलं, "आजी, मुलांना पुस्तकं आवडतात ना?" मी म्हटलं, "उघडली त आवडतील." त्या हसल्या. मला वाटतं त्यांना तो विनोद वाटला.

आता दर्शनाचं.

दर्शना तिसरीत होती. आठ वर्षांची, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. तिची आई भारती मासळी विकते आणि धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय लग्न उभं राहत नाही. हे धवले कुठे लिहिलेले नसतात. भारती ते सासूकडून शिकली. सासूच्या मागे बसून ऐकायचं, तोंडात घोळवायचं, एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. असे शेकड्याने धवले तिला पाठ आहेत. लिहिण्याच्या नावाने तिला फक्त स्वतःची सही येते, बचत गटात शिकलेली.

दर्शनाच्या वाचन वहीत एकही दिवस रिकामा नव्हता. रोज भारतीची सही, ठसठशीत. गुरुजींनी कागदात छापलं, 'घरचे वाचन : पहिला क्रमांक, कुमारी दर्शना.' भारतीने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मासळीच्या टोपलीवरच्या फडक्यात खोचून अलिबागच्या बाजारापर्यंत नेला होता. गिऱ्हाइकाला पापलेट दाखवायच्या आधी ती कागद दाखवायची. मला म्हणाली, "काकी, माझी पोर घडाघडा वाचते. मी कालवं फोडत बसते नि ती वाचते. मान वर करून बघावं लागत न्हाय."

मान वर करून बघितलं नाही ते तिने एकटीनेच नाही. गुरुजींनी नाही, आणि मीही नाही. दर्शना मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून धडा म्हणायची, मी तांदूळ निवडत ऐकायचे आणि म्हणायचे, वा गो.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची गोष्ट. शनिवारी कागद वाटताना गुरुजी तो वर्गात एकदा मोठ्याने वाचून दाखवायचे, ही त्यांची पद्धत. त्या शनिवारी त्यांना अलिबागला प्रशिक्षण होतं. कागद माझ्याकडे ठेवून गेले. मी जेवणाच्या रांगेत ताटाबरोबर एकेक कागद दिला, वाचला नाही. त्यात मी लिंबं मागितली होती. आदल्या आठवड्यात शेवग्याच्या शेंगा मागितल्या होत्या.

सोमवारी टोपलीत लिंबंच लिंबं. दर्शना आली ती शेंगांची जुडी घेऊन. जुडी चांगली, दोरीने नीट बांधलेली.

मी म्हटलं, "काय गो, परवाचा सोडून आदल्या शनवारचा कागद वाचलास काय?"

तिने जुडी पुढे धरली.

भिंतीला नवा कागद लावलेला होता. तो काढून मी तिच्यासमोर धरला. "वाच बघू."

तिने बोट ठेवलं आणि सुरू केलं. खणखणीत आवाजात, न अडखळता, बोट ओळीवरून सरकत होतं, आणि तोंडातून निघत होता त्याच्या आधीच्या शनिवारचा कागद. अख्खा. नर्सबाईंची तारीख, चौथीच्या पोरांचे पाढे, शेवटी शेवग्याच्या शेंगा. एकदा ऐकलेला, नऊ दिवसांपूर्वी.

रांगेतली पोरं आधी गोंधळली, मग एकाने "ए, हा जुना हाय!" म्हटलं आणि सगळी खिदळली.

तिथे मी थांबायला हवं होतं. माझ्या तोंडाला थांबायची सवय नाही. मी म्हटलं, "म्हंजे तुला वाचताच येत न्हाय. वरीसभर आईला फसवतंस व्हय गो? आनि पयला नंबर घेऊन मिरवतंस?"

तिने ताट खाली ठेवलं. शेंगांची जुडी ताटाशेजारी ठेवली, नीट, आणि फाटकाबाहेर गेली. मला वाटलं, येईल. मी वाढत राहिले.

ती अकरा दिवस आली नाही.

गुरुजींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी हजेरीपट उघडून तिच्या नावावर बोट ठेवलं. "मावशी, तिसरीची वर्गशिक्षकी माझी आहे," म्हणाले. "ती धडा म्हणायची आणि मी पुढच्या पोराकडे जायचो. मी पण पकडलं नाही." ते दोनदा घरी जाऊन आले. दार बंद. भारतीचा फोन लागला, ती म्हणाली, "पोटात दुखतं म्हन्ते, र्‍हाऊ द्या चार दिवस."

आमच्या भागात पोरगी शाळेतून अशीच सुटते. भांडण नाही, निर्णय नाही. चार दिवस पोट दुखतं, मग आईबरोबर खडपावर जाते, मग हात चांगला चालतो म्हणून जातच राहते, आणि पटावरचं नाव नुसतं नाव उरतं. मी स्वतः तशीच सुटले होते. फरक एवढाच, की मला कुणी चारचौघांत घालवून दिलं नव्हतं.

आवसेला मी खडपावर गेले. या वयात शेवाळावरून चालणं म्हणजे तोंड फुटायची तयारी. बायका लांबवर पसरल्या होत्या, भारती पाण्याच्या कडेला ओणवी होऊन कालवं फोडत होती. दर्शना अलीकडे एका डबक्याशी डबा घेऊन बसली होती. मला बघून ती उठली नाही. मी शेजारच्या दगडावर टेकले.

"शाळंला कदी येतंस?"

"येनार न्हाय."

"का?"

"तुमी म्हनालात मी फसवते."

"मंग वरीसभर काय करत होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग होता, पण खोटेपणा नव्हता. म्हणाली, "वाचत होती. ऐकायचं, पाठ करायचं, पुस्तकाकडं बघायचं नि बोलायचं. वाचायचं म्हंजे तेच ना? आय पन तशीच करते. तिच्याकडं पुस्तक न्हाय, माझ्याकडं हाय."

मी सतरा वर्षं तोंडाने कोणाला हरले नाही. त्या दिवशी आठ वर्षांच्या पोरीला हरले. पोर फसवत नव्हती. तिच्या घरात विद्या अशीच मिळते. कानाने घ्यायची, जिभेने जपायची. पुस्तक हे तिला देवासमोरच्या समईसारखं वाटलं होतं, समोर असावं लागतं म्हणून ठेवायचं. अक्षरं स्वतः काही बोलतात, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, कारण ती इतकं बिनचूक म्हणायची की दाखवायची वेळच आली नाही.

"आता तुला कळलंय?" मी विचारलं.

"पोरं हसली तवा कळलं. त्या समद्यांना कागदातलं दिसतं. मला दिसत न्हाय." मग आईकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काकी, आयला सांगू नका. ती बाजारात समद्यांना सांगते."

"न्हाय सांगत. पन उद्यापासून शाळंत यायचं. घंटेच्या आधी एक तास. माझ्याकडं."

"पोरं हसतील."

"त्या वेळंला पोरं नसतात. मी नि तांदूळ असतो."

ती आली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. फाटकापाशी उभी राहून आधी आत कोण आहे ते बघितलं.

मला शिकवता येत नाही. मी जे केलं ते एवढंच, की या वेळी मान वर करून बघितलं. माझे डबे ओळीने होते, प्रत्येकावर मी खडूने नाव लिहिलेलं. मीठ, हळद, तूरडाळ, जिरं. मी म्हणायचे, हळद दे. तिला झाकण उघडायला बंदी. पहिले काही दिवस ती डबा हलवून आवाजावरून ओळखायची. मिठाचा आवाज वेगळा, डाळीचा वेगळा. कानाची पोर ती. मग मी डबे फडताळात वर ठेवले, हात पोचणार नाही असे. मग तिला बघावंच लागलं.

तरी गाडी अडली. सुटं अक्षर ओळखायची, पण ओळ दिली की अंदाजाने काहीतरी म्हणून मोकळी. गुरुजींनी एक उपाय सुचवला, तिला जे पाठ आहे तेच लिहून द्या. मग मी तिलाच म्हटलं, तुझ्या आजीचा हळदीचा एक धवला सांग. ती म्हणत गेली, मी लिहीत गेले. तिची चाल वेगात, माझा हात मुंगीसारखा. "थांब गो बाय, माझं शिक्षन तुझ्यापरीस एकच वरीस जास्त हाय," असं मी म्हटल्यावर त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली. मग कागद तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, आता म्हण, पण माझं बोट पुढे गेल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही.

चौथ्या ओळीवर ती थांबली. नजर वर गेली. परत खाली आली.

"काकी, ही हळद."

"व्हय."

"आनि वर पन हळद. आनि ही पन." डब्याकडे बघितलं. "तिथं पन तीच."

त्या दिवशी तिने धवल्यात हळद पाच ठिकाणी शोधली. भात थोडा करपला. चवीच्या वहीत गुरुजींनी तसं लिहिलंही, आणि मी त्यांना लिहू दिलं.

यानंतर सगळं भराभर झालं असं नाही. काही दिवस पुढे, काही दिवस मागे. गुरुजी वर्गात तिला मधलंच पान उघडून द्यायला लागले. वाचन वहीतल्या सह्या मात्र रोज चालूच होत्या. भारतीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि दर्शना घरी जुन्या पद्धतीनेच म्हणून दाखवत होती. मला ते टोचायला लागलं. कमिटीच्या दादांना मी न चाखता सही करू दिली नव्हती आणि इथे भारती रोज न चाखता सही करत होती, माझ्या देखत.

आणखी एक टोचत होतं. मी पोरीला चाळीस जणांसमोर बोलले आणि भरपाई कोपऱ्यात बसून करत होते. चूक झाली असं तोंडाने म्हणायची मला सवय नाही. नवऱ्याला म्हटलं नाही, मुलाला म्हटलं नाही. मुलगा उरणला बंदरात ट्रेलर चालवतो. त्याचं वाचन मी जन्मात एकदाही ऐकलं नाही, ते काम शाळेचं असं समजत होते. रस्त्यावरच्या पाट्या तो वाचतो, पण सरकारी कागद आला की अजून सुनेकडे सरकवतो.

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी मी गुरुजींना म्हटलं, दर्शनाच्या कागदाखाली चार ओळींची जागा सोडा, मी लिहिणार आहे. त्यांनी सोडली. मी तांदळाच्या पोत्यावर बसून लिहिलं:

'भारती, दर्शनाला वाचता येत नव्हतं. ती पाठ म्हणत होती. हे मी सगळ्या पोरांसमोर ओरडून बोलले आणि तिला फसवी म्हटलं. ती फसवी नाही. माझं चुकलं. आता तिला वाचता येतं.'

गुरुजींनी वाचलं. "मावशी, आईला सांगू नका म्हणाली होती ना ती?"

"मी सांगत न्हाय. मी लिवलंय. सांगायचं का न्हाय ते ती ठरवंल."

त्यांना ते पटलं की नाही, ठाऊक नाही. मलाही पूर्ण पटलं नव्हतं. पण भारतीला अक्षर येत नव्हतं. पोरीने चार ओळी गाळून कागद घडी करून ठेवला असता, तर जगात कोणालाही कळलं नसतं. मलासुद्धा नाही.

सोमवारी दर्शना आली. कागदात चिंच मागितली होती, ती तिने आणली. टोपलीत टाकून ती वर्गात गेली. मी विचारलं नाही. मी तांदूळ धुवायला घेतला, पण पाणी किती वेळा बदललं ते आठवत नाही.

अकराच्या सुमाराला फाटकाशी मासळीची टोपली उतरवल्याचा आवाज आला. भारती सरळ स्वयंपाकघराच्या दारात आली. हात कमरेवर.

"काकी, माझ्या पोरीला चारचौघांत फसवी म्हनालात?"

"व्हय."

"आनि तिला वाचता येत न्हवतं ते समद्या शाळंला म्हायती. मला न्हाय. मी बाजारात कागद मिरवते."

"व्हय."

"तोंडानं सांगाया काय झालं होतं?"

"तिनं नको सांगितलं होतं."

तिने हात कमरेवरून काढले. मग म्हणाली, "काल वाचून दाखवलं तिनं. मधीच रडली, परत वाचलं. मला वाटलं हे पन पाठच केलंय. आता माझा इस्वास कसा बसायचा? मी म्हटलं, खालून वर वाच."

"खालून वर?"

"शेवटची वळ पयली. मंग तिच्या वरची. धवला मला कोनी उलटा म्हनाया सांगितला त मला जमायचा न्हाय. पाठ असलेलं उलटं म्हनता येत न्हाय, काकी."

इतकी साधी गोष्ट ना मला सुचली ना गुरुजींना.

"वाचलं?" मी विचारलं.

"वाचलं. आधी 'आता तिला वाचता येतं', मंग 'माझं चुकलं', मंग बाकीचं." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमचा राग हाय मला. तो जायला वेळ लागंल. पन पोरीनं ते गाळलं न्हाय, म्हनून इथं आले. न्हाय त दुसरीकडं गेले असते, गुरुजींच्या वरच्या हापिसात."

टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. जाताना दोन बोंबील ठेवावेत असं काही तिने केलं नाही. राग खरा होता.

पुढच्या शनिवारच्या कागदात गुरुजींनी घरच्या वाचनासाठी एक सूचना घातली : कागद वाचून झाल्यावर पाल्यास शेवटच्या ओळीपासून वर वाचण्यास सांगावे. युक्ती कोणाची ते लिहा म्हणून मी हटून बसले, तेव्हा भारतीचं नावही घातलं.

भारतीने मात्र त्यानंतर सही करायचं जवळजवळ बंद केलं. खालून वर वाचलं तरच सही. अडखळली तर सही नाही, उद्या परत. पुनवेला खडपावरून यायला उशीर झाला तर सही नाही. महिन्याच्या शेवटी वह्या मोजल्या, तर घरच्या वाचनात दर्शनाचा नंबर खालून दुसरा लागला. सह्या फक्त नऊ. गुरुजींना वाईट वाटलं, नावं छापावीत की नको म्हणून ते मला विचारायला आले. मी म्हटलं, छापा.

छापून आल्यावर तो कागद, त्यात मी परत लिंबं मागितली होती, चवीच्या वहीच्या वर भिंतीला भाताच्या शितांनी डकवला. दर्शनाने येऊन तो वाचला, खालून वर. खालून दुसरं तिचंच नाव, तिथे ती थांबली नाही. पहिल्या नंबरापर्यंत गेली. मग मला म्हणाली, "काकी, सोमवारी लिंबं किती आनायची ते लिवलंच न्हाय तुमी."

खरंच लिहायचं राहिलं होतं.